झिपला कुठलं सरकार नाही

मार्चअखेरची गडबड होती. छोट्या ऑफिसांच्या कॉम्प्युटरची देखभाल हा माझा धंदा. सातारा जिल्ह्यातल्या एका कर सल्लागारांकडे प्रिंटर रुसला म्हणून गेलो होतो. तिथं हिशेब सांभाळणाऱ्या बाई, ज्यांना सगळं ऑफिस ताई म्हणतं, एका पार्टीला मेल लिहीत होत्या. मजकूर एका ओळीचा. ‘सोबत मार्चएंड.झिप जोडली आहे, पाहून घ्यावी.’ फाइलचं नाव अर्थातच रोमन अक्षरांत. मेल गेला आणि घाईत फाइल जोडायची राहिली. दहा मिनिटांत समोरून फोन. ‘ताई, तुमच्या त्या निळ्या अक्षरांवर दाबलं, तर इंटरनेट उघडायला बघतंय आणि पान सापडत नाही म्हणतंय. फाइल कुठाय?’

ताईंनी कुठलीच अक्षरं निळी केली नव्हती. मेलच्या प्रोग्रॅमनं वाक्यात ‘.झिप’नं संपणारा शब्द पाहिला, तो वेबसाइटचा पत्ता समजला आणि परस्पर त्याखाली रेघ मारून लिंक करून टाकली. त्या नावाची वेबसाइट कुणी घेतलेली नव्हती, म्हणून ‘पान सापडत नाही’ यावरच भागलं. कुणी घेतलेली असती, तर ताईंच्या सहीच्या मेलमधून त्यांची पार्टी एका अनोळखी माणसाच्या पानावर जाऊन उभी राहिली असती. आणि दोघांपैकी कुणाचीही त्यात चूक नसती. एकीनं फाइलचं नाव लिहिलं, दुसऱ्यानं ते उघडायचा प्रयत्न केला, इतकंच.

झिप फाइल आपल्याकडं कुणाला सांगावी लागत नाही. पीकेवेअर कंपनीच्या फिल कॅट्झनं 1989 मध्ये काढलेला हा गठ्ठा बांधायचा प्रकार. दहा फाइली एका पिशवीत कोंबायच्या, वजन कमी करायचं आणि पाठवायचं. तशीच ‘.मोव्ह’ ही ॲपलच्या क्विकटाइमची व्हिडिओ फाइल, 1991 पासूनची. आयफोनवर लग्नाचं शूटिंग करून कॉम्प्युटरवर घेतलं की हे शेपूट दिसतं. फाइलच्या नावामागच्या या टिंबानंतरच्या तीन-चार अक्षरांना आमच्या धंद्यात एक्स्टेन्शन म्हणतात. गिऱ्हाइकाशी बोलताना मी शेपूटच म्हणतो, त्याला ते पटकन कळतं. फ्लेक्सवाला म्हणतो ‘सीडीआर पाठवा, जेपीजी चालणार नाही’, सेतू केंद्रातली मुलगी म्हणते ‘पीडीएफ करून आणा’. ही शेपटं आता बोलीत आली आहेत.

त्यातलीच ही दोन शेपटं 10 मे 2023 पासून वेबसाइटच्या नावांची शेपटं म्हणून कुणालाही विकत मिळू लागली. गुगलनं त्या महिन्यात आठ नवे डोमेन बाजारात आणले. डॅड, पीएचडी, प्रोफ, एस्क, फू, नेक्सस आणि त्यांच्याच रांगेत झिप आणि मोव्ह. बापांसाठी एक, डॉक्टरेटवाल्यांसाठी एक, आणि गठ्ठ्यांसाठी एक. घोषणेचा सूर तर असा होता, की दुकानात नवीन रंगाच्या चपला आल्यात.

माझं म्हणणं इतकंच आहे, की ही दोन नावं विकायला नको होती. जो शब्द लोकांनी आधीच एका अर्थानं वापरात रुळवलाय, तोच शब्द दुसऱ्या अर्थानं विकायचा, आणि त्यातून होणारा गोंधळ ज्यानं काहीच विकत घेतलं नाही त्यानं निस्तरायचा, हा व्यवहार न्यायाचा नाही. आणि येत्या काळात पीडीएफ, डॉक, एक्सएलएस, एपीके अशी आणखी शेपटं कुणी मागितली, तर ती द्यायची नाहीत, हे आधीच लिहून ठेवायला हवं.

पत्त्यात शेवट का महत्त्वाचा, हे आपल्या टपालावरून समजावून घ्यायला सोपं जातं. पाकिटावर आपण नाव, घर, गल्ली, गाव असं लिहीत येतो आणि शेवटी पिन कोड. टपाल छाटणारा मात्र पाकीट उलट्या बाजूनं वाचतो. पहिल्यांदा पिन, त्यातही पहिला आकडा. 4 असला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. 9 असला की लष्करी टपाल. (ही सहा आकडी पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी तर होतेच, शिवाय संस्कृत कवी आणि नाटककारही होते.) इंटरनेटही नाव असंच शेपटाकडून वाचतं. ‘डॉट इन’ दिसलं की भारताच्या नोंदवहीकडं चौकशी, ‘डॉट झिप’ दिसलं की गुगलच्या. म्हणजे जे अक्षर माणूस सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी लक्ष देऊन वाचतो, त्यावरच पत्र कुठं जाणार ते ठरतं.

आता यातली चलाखी बघा. वेबपत्त्यात ‘@’ हे चिन्ह आलं, तर त्याच्या आधीचा मजकूर म्हणजे कुणाचं तरी लॉगिन नाव, असा जुना नियम आहे. ब्राउझर तो भाग बाजूला ठेवतो आणि ‘@’ नंतर जे आहे तिथं जातो. एरवी मधे तिरकी रेघ आली की हा नियम लागत नाही, कारण पत्त्याचं मुख्य नाव त्या रेघेपाशी संपतं. पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरयादीत, तिरक्या रेघेसारखी दिसणारी दुसरी चिन्हंही आहेत, भागाकाराची एक, अपूर्णांकाची एक. ती वापरली की ब्राउझरच्या लेखी ती रेघच नसते. 2023 च्या मे महिन्यात एका सुरक्षा संशोधकानं हे करून दाखवलं. पत्त्याची सुरुवात गिटहबची, म्हणजे प्रोग्रॅम ठेवायच्या नावाजलेल्या वेबसाइटची, मधे सगळं खऱ्यासारखं, मग ‘@’, आणि शेवटी ‘व्ही1271.झिप’. डोळ्याला दिसतं ते असं, की गिटहबवरून अमुक आवृत्तीची झिप फाइल उतरवायची आहे. प्रत्यक्षात जाणार ते व्ही1271 नावाच्या कुणीतरी घेतलेल्या वेबसाइटवर. वीस वर्षं प्रोग्रॅमिंग केलेला माणूसही इथं फसेल, कारण त्याला लिंकच्या शेवटी ‘.झिप’ दिसणंच अपेक्षित असतं. शेवटी ‘.कॉम’ किंवा ‘.शॉप’ असतं तर तो थबकला असता.

दुसऱ्या एकानं ब्राउझरच्या पानातच विनरारची, म्हणजे झिप सोडवायच्या प्रोग्रॅमची, खिडकी हुबेहूब रंगवली. पत्ता झिपचा, पानावर आत फाइलींची यादी, वर ‘एक्स्ट्रॅक्ट’चं बटण. बघणाऱ्याला वाटावं, फाइल उघडली. आणि ही सगळी प्रयोगशाळेतली गंमत राहिली नाही. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्ट-ऑफिस.झिप या नावानं मायक्रोसॉफ्टच्या लॉगिनची नक्कल करणारं पान सापडलं. नाव विक्रीला येऊन महिनाही झाला नव्हता.

गुगलचा बचाव मला ठाऊक आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. त्यांचं म्हणणं, फाइलच्या नावाचा आणि वेबसाइटच्या नावाचा गोंधळ नवा नाही. थ्रीएम कंपनीच्या भिंतीला चिकटवायच्या हुकांची वेबसाइट कमांड.कॉम आहे, आणि कमांड.कॉम हे डॉस या विंडोजच्या आधीच्या सिस्टिममधल्या मूळ प्रोग्रॅमचंही नाव होतं. म्हणून काही जग बुडालं का? शिवाय ब्राउझर धोक्याची पानं ओळखून अडवतात, आणि गैरवापर दिसला तर नोंदणी रद्द करता येते.

कमांड.कॉमचा दाखला ऐकायला झकास आहे. पण ‘.कॉम’चा इतिहास नीट पाहिला, तर तो गुगलच्या विरुद्धच साक्ष देतो. ‘.कॉम’ या शेपटाच्या चालू शकणाऱ्या फाइली सीपी/एम या डॉसच्याही आधीच्या सिस्टिमच्या आणि पुढं डॉसच्या काळातल्या, आणि ‘.कॉम’ डोमेन 1985 सालचं. तेव्हा इंटरनेट हा काही हजार लोकांचा मामला होता. कुणाच्या मनात हा गोंधळ आला नाही आणि येण्याचं कारणही नव्हतं. पण पुढं 2002 च्या जानेवारीत मायपार्टी नावाचा व्हायरस आला. मेलमधे लिहिलेलं, ‘माझ्या पार्टीचे फोटो बघ’, आणि सोबत जोडलेल्या फाइलचं नाव होतं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.मायपार्टी.याहू.कॉम. लोकांना वाटलं याहूवरची लिंक आहे. ती होती ‘.कॉम’ फाइल, दाबली की चालू. म्हणजे हा गोंधळ निरुपद्रवी असल्याचा जो पुरावा म्हणून दिला जातो, त्यावर व्हायरस येऊन गेलाय. त्याच्या दोन वर्षं आधी, मे 2000 मध्ये, ‘आय लव्ह यू’नं जग हादरवलं, तेही शेपटाच्याच जोरावर. फाइलच्या नावात ‘.टीएक्सटी’ दिसत होतं आणि खरं शेपूट ‘.व्हीबीएस’ होतं. विंडोज ओळखीची शेपटं आपणहून लपवतं, म्हणून लोकांना ते प्रेमपत्र वाटलं. ही खोड विंडोजनं अजून सोडलेली नाही. नवीन कॉम्प्युटर बसवला की मी पहिल्यांदा ती सेटिंग बदलतो.

एक चूक 1985 मध्ये अजाणता झाली म्हणून तीच 2023 मध्ये जाणूनबुजून करायला मोकळीक मिळते, हा युक्तिवाद कुठल्याही ग्रामपंचायतीत चालणार नाही. जुनं बांधकाम पाडता येत नाही, ठीक आहे. नवीन परवाना कशाला?

देशांची दोन अक्षरी नावं मात्र मी यात धरत नाही. पोलंडचं ‘पीएल’ पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या फाइलींनाही आहे, पॅराग्वेचं ‘पीवाय’ पायथनला, सर्बियाचं ‘आरएस’ रस्टला, सेंट हेलेना बेटाचं ‘एसएच’ शेल स्क्रिप्टला. मोल्डोव्हाचं ‘एमडी’ तर तेच शेपूट लावणाऱ्या मार्कडाउन या मजकुराच्या फाइलींच्या आधीचं आहे. ही अक्षरं देशांच्या आंतरराष्ट्रीय यादीतून येतात, कुणी निवडून विकायला काढलेली नाहीत. पॅराग्वेनं आपलं नाव बदलावं असं पायथनवाला म्हणू शकत नाही. शिवाय ‘.पीवाय’ फाइल ज्याच्या हातात पडते त्याला ती काय आहे ते बहुधा ठाऊक असतं. अँग्विलाचं ‘एआय’ हा तर वेगळाच किस्सा. तेच शेपूट ॲडोबी इलस्ट्रेटरच्या फाइलींनाही आहे, पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत त्या चिमुकल्या बेटाला 2023 मध्ये नुसत्या नावांच्या विक्रीतून सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलर मिळाले, सरकारी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. नावाच्या शेपटात किती पैसा असतो याचा अंदाज यावरून यावा.

आणि हा पैशाचा धागा सोडून चालणार नाही. ही नावं वाटते ती आयकॅन, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात नोंदलेली एक ना-नफा संस्था. 2012 मध्ये तिनं जगाला सांगितलं, हवं ते शेपूट मागा, एका अर्जाला 1,85,000 डॉलर. 1930 अर्ज आले. गुगलनं आपल्या चार्ल्स्टन रोड रजिस्ट्री या उपकंपनीतर्फे 101 अर्ज केले. त्यातला एक झिपचा. 2014 मध्ये ते नाव इंटरनेटच्या मुळाशी, म्हणजे सगळ्या शेपटांच्या मुख्य यादीत, नोंदलं गेलं आणि नऊ वर्षं तसंच पडून राहिलं. नऊ वर्षं त्या नावावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

मग तपासणी झालीच नव्हती का? झाली होती, आणि भारी कडक झाली होती. तीच वाचून माझा राग वाढला. अर्जांतली नावं एकमेकांसारखी दिसतात का हे बघायला एक मंडळ नेमलं होतं. त्यांनी 1930 अर्जांतून, हुबेहूब सारखी नावं सोडली, तर फक्त दोन जोड्या धोक्याच्या ठरवल्या. एक ‘हॉटेल्स’ आणि पोर्तुगीज ‘ओतेइस’ यांची, कारण रोमन लिपीत दोहोंत एकाच अक्षराचा फरक, एल आणि आय. दुसरी ‘युनिकॉर्न’ आणि ‘युनिकॉम’ यांची, कारण आर आणि एन शेजारी बसले की एमसारखे दिसतात. इतकं बारीक बघितलं. त्याआधी 2010 मध्ये बल्गेरियानं स्वतःच्या सिरिलिक लिपीत आपल्या देशाचं दोन अक्षरी नाव मागितलं, तर ते ब्राझीलच्या ‘बीआर’सारखं दिसतं म्हणून नाकारलं. एका अख्ख्या देशाला स्वतःच्या लिपीतलं स्वतःचं नाव! फेरविचाराची नवी पद्धत निघून ते प्रत्यक्ष चालू व्हायला 2016 साल उजाडलं.

आपल्या देवनागरीचीही अशीच परीक्षा झाली. ‘.भारत’ हे 2014 मध्येच सुरू झालं होतं, पण पुढं कुठलीही देवनागरी नावं मुळाशी नोंदवायची तर कुठली अक्षरं चालतील, कुठली एकमेकांसारखी दिसतात, कुठल्या अक्षरामागं काय येऊ शकतं याचे नियम हवे होते. निओ-ब्राह्मी नावाचं मंडळ त्यासाठी बसलं. ‘तऱ्हा’ आणि ‘सुऱ्या’ यांतला आपला तो पापणीसारखा र, जो हिंदीवाल्यांना लागत नाही, त्याच्यासाठी वेगळा विचार करावा लागला. ते नियम 2019 मध्ये मुख्य नियमावलीत आले. काम चांगलंच झालं, माझी त्याबद्दल तक्रार नाही. ‘ऱ्हा’च्या पापणीवर एवढी खबरदारी घेणाऱ्या पद्धतीतून तीन रोमन अक्षरांचं ‘झिप’ कसं निसटलं, हे मला समजून घ्यायचं होतं.

निसटलं ते असं. मंडळाला प्रश्न एवढाच विचारला होता, की हे नाव दुसऱ्या डोमेनसारखं दिसतं का? जगातल्या कॉम्प्युटरांवर त्याच अक्षरांनी संपणाऱ्या अगणित फाइली आहेत, हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता. राखीव नावांची यादी होती. तीत एक्झाम्पल, टेस्ट, लोकल, लोकलहोस्ट आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आहेत, आयकॅनच्या आपल्याच समित्यांची नावं आहेत. झिप नाही, पीडीएफ नाही.

धोका दिसल्यावर थांबायची त्यांना सवय नाही असंही नाही. त्याच फेरीत होम, कॉर्प आणि मेल ही तीन नावं अनेकांनी मागितली होती. पण असंख्य ऑफिसांच्या आतल्या नेटवर्कमध्ये ही नावं आधीपासून खासगी वापरात होती, आणि ती बाहेर चालू झाली तर आतला पत्रव्यवहार बाहेर गळेल हे सर्व्हरच्या नोंदींतून दिसलं. 2018 च्या फेब्रुवारीत आयकॅनच्या संचालकांनी ठरवलं, ही तिन्ही नावं देणार नाही, अर्जदारांना पूर्ण पैसे परत देऊ. याच न्यायानं झिपही थांबायला हवं होतं. फरक एवढाच, की मशीन गोंधळलं तर लॉगमध्ये आकडा उमटतो. ताईंची पार्टी गोंधळली, तर तिची नोंद कुठंच होत नाही.

नाव अडवणारा दुसरा अडसर सरकारांचा. आयकॅनमध्ये सरकारांची सल्लागार समिती आहे आणि तिचा आवाज जड पडतो. ॲमेझॉन कंपनीनं स्वतःचं नाव मागितलं, तर ब्राझील आणि पेरू यांनी नदीच्या नावानं वर्षानुवर्षं अडवून धरलं. पॅटागोनिया हा दक्षिण अमेरिकेतला प्रदेश, त्याच नावाच्या कपड्यांच्या कंपनीनं 2013 मध्ये अर्ज मागं घेतला. आपल्या सरकारनंही हरकती घेतल्या होत्या. रिलायन्सच्या ‘इंडियन्स’ला घेतली, आणि क्रायस्लर या मोटार कंपनीच्या ‘राम’ला. क्रायस्लरचा राम म्हणजे तिच्या ट्रकचा ब्रँड, इंग्रजीत मेंढा. पण रोमन लिपीतली तीन अक्षरं आपल्याला काय वाचायला लावतात ते सांगायला नको, आणि समितीच्या 2013 मधल्या डर्बनच्या निवेदनात भारताची ही हरकत नमूद आहे. आज ‘डॉट राम’ अस्तित्वात नाही. (गंमत म्हणजे ‘.रॅम’ हेही एकेकाळी रिअलऑडिओच्या फाइलींचं शेपूट होतं. सायबर कॅफेत बसून गाणी ऐकलेल्यांना आठवेल.) म्हणजे एका शब्दाला लोकांच्या मनात आधीच अर्थ आहे, तो दुसऱ्यानं विकत घेऊ नये, हे तत्त्व मान्य आहे. नदीला सरकार आहे, देवाला सरकार मिळालं. झिपला कुठलं सरकार नाही.

आता तीन वर्षं होत आली, आभाळ कोसळलं का? नाही कोसळलं, आणि कोसळलं असं मी म्हणणारही नाही. फसवणुकीची बहुतेक पानं आजही साध्या ‘.कॉम’वर आणि स्वस्तातल्या इतर शेपटांवरच असतात. फसवणाऱ्याचं झिपवाचून अडत नाही. हा बचाव मी अनेकदा ऐकलाय आणि त्यातलं खरं मान्य करतो. पण आभाळ न कोसळण्याचं एक कारण असंही आहे, की अनेक ऑफिसांच्या सिस्टिम बघणाऱ्यांनी ही दोन शेपटं पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकली. मीही केली. राउटरमध्ये दोन ओळी. म्हणजे गुगलनं वस्तू विकली आणि आम्ही फुकटात तिला कुलूप लावत बसलो. हा खर्च कुठल्या खात्यात लिहायचा?

खरं नुकसान मला दुसरीकडं दिसतं. गेली दोन-तीन वर्षं आपल्याकडं व्हॉट्सॲपवर एपीकेचा, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणाऱ्या फाइलींचा, सुळसुळाट झालाय. ‘वाहन चलान.एपीके’, ‘लग्नपत्रिका.एपीके’, ‘पीएम किसान.एपीके’. दाबलं, इन्स्टॉल केलं, की ओटीपी दुसऱ्याच्या हातात आणि खातं साफ. पोलीस, बँका, वर्तमानपत्रं सगळे एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगतायत, ‘नावाच्या शेवटी एपीके असेल तर उघडू नका’. माझ्या आईला मी हेच शिकवलं. तिला ऑपरेटिंग सिस्टिम, सर्टिफिकेट यातलं काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही. तिला शेवट वाचता येतो. एका नात्यातल्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा तिनं मला फोन करून विचारलं, ‘शेवटी पीडीएफ आहे, उघडू ना?’ उघड म्हटलं. शहाणपणाची एवढी एकच खूणगाठ आम्ही सामान्य माणसाच्या हातात देऊ शकलोय, आणि ती नावाच्या शेवटावर बांधलेली आहे. उद्या कुणी ‘डॉट पीडीएफ’ विकायला काढलं, तर आईला मी काय सांगू? शेवट वाच, पण तो फाइलचा शेवट आहे का वेबसाइटचा ते आधी ठरव?

याच्या नेमकं उलट काम आपल्याच देशात झालंय, हे मला मुद्दाम सांगायचंय. रिझर्व्ह बँकेनं 2025 च्या फेब्रुवारीत जाहीर केलं, की सगळ्या बँकांच्या वेबसाइट ‘बँक डॉट इन’वर जातील. 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत होती. नोंदणी करणार एकच संस्था, हैदराबादची आयडीआरबीटी, आणि ती बँक नसलेल्या कुणाला ते नाव देणार नाही. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा बँकाही त्यात आल्या. बँका नसलेल्या वित्तसंस्थांसाठी ‘फिन डॉट इन’ ठरलं. हा उपाय फसवणूक थांबवेल असा माझा भाबडा समज नाही. चोर नवी वाट शोधतातच. पण त्यामागचा विचार सरळ आहे. लोकांना शेवट वाचता येतो ना, मग शेवटालाच अर्थ द्या, आणि तो अर्थ दुसऱ्या कुणाला विकू नका. पाटी लावायची तर ती सगळीकडं एकाच अर्थाची लावायची.

काय करता येईल? आयकॅनची पुढची फेरी ठरली आहे. अर्जाचं शुल्क 2,27,000 डॉलर. तीत सर्वसामान्य फाइलींच्या शेपटांची यादी राखीव करायला फार अक्कल लागत नाही. पन्नासेक नावं पुरतील. पीडीएफ, डॉक, डॉकएक्स, एक्सएलएस, जेपीजी, एमपीफोर, ईएक्सई, एपीके. कुणी म्हणेल, फाइलींची शेपटं हजारो आहेत, कुठं रेघ ओढायची? रेघ अवघड जागी ओढावी लागते हे खरं, पण म्हणून ती ओढूच नये असं ठरत नाही. ‘युनिकॉर्न’ आणि ‘युनिकॉम’मध्ये ओढता आली, तर ‘पीडीएफ’भोवती ओढायला काय हरकत? नवं तंत्र येऊन एखादं नवं शेपूट निघालं, तर ते निवडणाऱ्यानं डोमेनची यादी बघून निवडावं. जो नंतर आला त्यानं सरकावं, एवढा साधा नियम.

झिप आणि मोव्हबद्दल गुगलनं नवी नोंदणी बंद करावी आणि असलेली मुदत संपेल तशी विरू द्यावी. करणार नाहीत, मला माहीत आहे. अब्जावधींच्या उलाढालीत या दोन नावांचं उत्पन्न त्यांच्या चहापाण्यालाही पुरत नसेल. पण म्हणूनच सोडणं अवघड जाऊ नये. तोवर निदान मेल आणि चॅटचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी एवढं करावं, की माणसानं पुढं ‘एचटीटीपीएस’ लिहिल्याशिवाय ‘.झिप’नं संपणाऱ्या शब्दाची लिंक करू नये. हे एका दुपारचं काम आहे. त्या 2023 च्या मे महिन्यात तर ट्विटरवरच्या पोस्टमधल्या साध्या फाइलींची नावंही निळी दिसू लागली होती. ‘अमुक.झिप उतरवून घ्या’ असं कुणी भल्या मनानं लिहिलेलं, आणि आता त्या शब्दाखाली परक्याचं दार.

ताईंच्या ऑफिसात मी त्या दिवशी प्रिंटर दुरुस्त केला, राउटरमध्ये दोन ओळी टाकल्या आणि पार्टीला फाइल पुन्हा पाठवून दिली. पुढच्या महिन्यात गेलो, तर ताईंनी आपला उपाय आपणच काढला होता. मेलमध्ये फाइलचं नाव आता त्या देवनागरीत लिहितात, ‘मार्चएंडची झिप सोबत आहे’. निळं होत नाही. मी म्हटलं, ताई, हे छानच केलंत. त्या स्क्रीनवरून मान न वळवता म्हणाल्या, ‘आधी जोडते मग लिहिते. तुमचं ते बाकीचं मला काही कळलं नाही.’